वैनींचं हलकं बीड

वैनींचा पहिला शब्द कायम 'न्हाय' असायचा. चहा घेणार का विचारलं तरी न्हाय, ऊन फार आहे म्हटलं तरी न्हाय. मग थोडं थांबून, समोरच्याला नीट निरखून, चहा घ्यायच्या आणि ऊन आहे हेही मान्य करायच्या. एकदा मी विचारलं, "वैनी, शेवटी हो म्हणायचंच असतं, तर आधी नाही कशाला म्हणता?" त्या म्हणाल्या, "न्हाय म्हटल्यालं मागं घेता येतंय गं. व्हय म्हटल्यालं घेता येत न्हाय. कारखाना चालवायचा तर येवढं एक शिकून ठेव."

मला नोकरी देतानाही त्या आधी न्हायच म्हणाल्या होत्या. मी आजऱ्याची. डिप्लोमा करून, संगणकावर यंत्रांच्या भागांची चित्रं काढायला शिकून मी कोल्हापुरात काम शोधत होते. उचगावच्या पलीकडे औद्योगिक वसाहतीत त्यांची फौंड्री होती. भट्टीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं आणि मोटारींचे भाग तयार करायचे, हे तिथलं काम. मी गेले तेव्हा साडीवर पुरुषी खाकी शर्ट आणि पायात लोखंडी टोपाचे बूट घातलेली एक बाई फाटकाशी ट्रकवाल्याशी भांडत होती. मला वाटलं, कामगार असेल. मी विचारलं, "मालक कुठे भेटतील?"

"मीच. काय पायजे?"

मी सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "न्हाय. आमच्याकडं पोरी टिकत न्हाईत. धूळ हाय, धग हाय." मग अर्ज उलटवून बघत म्हणाल्या, "आजऱ्याची व्हय? मग रिकाम्या हातानं आलीस? काजू तरी आणायचास की." मी म्हटलं, नोकरी लागल्यावर आणेन. त्या पहिल्यांदा हसल्या. "उद्यापास्नं ये." त्या दिवसापासून माझं माधुरी हे नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी त्यांची 'आजरा' झाले. 'ए आजरा, इकडं बग', 'आजरा, जेवलीस काय?'

त्यांचं नाव शालन. पण मोठ्या भावाची बायको म्हणून धाकटे दीर त्यांना वैनी म्हणत, आणि दिरांचं ऐकून सगळा कारखाना तेच म्हणू लागला. फौंड्री त्यांच्या यजमानांनी, वसंतरावांनी उभारली होती. ते अचानक हृदयविकाराने गेले. दिवसकार्य झाल्यावर धाकटे दीर, अण्णासाहेब, घरी येऊन बसले. त्यांची स्वतःची फौंड्री शेजारच्याच प्लॉटवर होती, आणि पुढे ते फौंड्रीवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्षही झाले. माणूस वाईट नव्हता. मायेपोटीच म्हणाले, "वैनी, बाईमाणसाचं काम न्हवं हे. भट्टी मला भाड्यानं द्या. तुमी आनि रूपाली सुखानं ऱ्हावा." रूपाली ही वैनींची मुलगी, तेव्हा कॉलेजात होती. आता जयसिंगपूरला जनावरांची डॉक्टर आहे.

"न्हाय भावजी," वैनी म्हणाल्या. "माणूस गेलाय. भट्टी गेली न्हाय." ते न्हाय त्यांनी मागे घेतलं नाही.

काम त्यांना शिकवलं बाबूलाल मिस्त्रींनी. ते वसंतरावांच्या काळापासूनचे फोरमन. बोलायला कमी आणि जर्द्याला भारी. वैनी पहिल्या महिन्यात रोज भट्टीशी उभ्या राहायच्या आणि प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडायच्या. बाबूलाल मला म्हणायचे, "मालकांनी मला कामाला लावलं, वैनींनी मला शाळा मास्तर केलं."

मी आले तोवर फौंड्री चांगली चालली होती. निम्म्याहून जास्त काम एकाच भागाचं होतं. पुण्याकडच्या एका मोटार कंपनीसाठी, इंजिन सांगाड्याला धरून ठेवणारा ब्रॅकेट. चांगला जाडजूड, हातात घेतला की मनगट खाली जावं असा. वैनींना त्याचा अभिमान होता. "गाडी उलटली तर बी ह्यो तुटायचा न्हाय," म्हणायच्या.

मग एक दिवस कंपनीने माल पुरवणाऱ्या सगळ्यांना पुण्याला बोलावलं. वैनींनी मला बरोबर घेतलं. थंडगार सभागृहात खरेदी विभागाचे देशपांडे साहेब समजावून सांगत होते. सरकार इंधनाचे नियम कडक करतंय. कंपनी वर्षभरात जेवढ्या गाड्या विकते, त्या सगळ्यांची मिळून सरासरी काढायची. ती ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पेट्रोल पीत असेल, तर कंपनीला दंड. म्हणून गाड्या हलक्या करायच्या, विजेवरच्या जास्त विकायच्या. आणि म्हणून जड बिडाचे भाग टप्प्याटप्प्याने बंद करून ॲल्युमिनियमचे घ्यायचे. पडद्यावर यादी आली. त्यात आमचा ब्रॅकेट वरूनच तिसरा होता.

वैनी म्हणाल्या, "साहेब, एक विचारतो. तुमास्नी वजन नको हाय, का बीड नको हाय?"

देशपांडे साहेब जरा गोंधळले. एक तर प्रश्नाने, दुसरं म्हणजे 'विचारतो' ऐकून. आमच्याकडच्या बायका स्वतःविषयी 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात, हे पुण्याच्या माणसाला एकदम उमगत नाही. ते म्हणाले, "अहो बाई, एकच झालं ना ते. बीड म्हणजे वजन."

"न्हाय. एक कसं हुईल? हलकं बीड करून देतो. मग घेशीला?"

मागे कुणीतरी हसलं. देशपांडे साहेब सभ्य गृहस्थ होते, हसले नाहीत. "ताकद तेवढीच राहिली पाहिजे. आणि नमुने तुमचे तुम्ही करायचे, खर्च तुमचा. चाचणीत उतरलं तर बघू."

"बघू न्हाय. उतरलं तर घ्यायचं."

"बरं, घेऊ," ते म्हणाले. परतीच्या वाटेवर वैनी कराडपर्यंत बोटांवर हिशेब करत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "आजरा, ह्या ब्रॅकेटात फुकट बसून खाणारं बीड किती असंल गं?"

पुढचे कितीतरी महिने आम्ही तेच शोधलं. जिथे जोर येत नाही तिथली जाडी मी चित्रात कापायची, बाबूलाल तसा साचा बांधायचे, आणि ओतकाम फसायचं. भिंत पातळ केली की वितळलेला रस कडेपर्यंत पोचायच्या आधीच गोठायचा. कधी कोपरा अर्धवट, कधी मधेच चीर. मागच्या अंगणात फसलेल्या नमुन्यांचा ढीग वाढत गेला. बाबूलाल एकदा वैतागून म्हणाले, "वैनी, बीड म्हणजे बीड. त्याला कागद करायला बघताय तुमी."

"कागद कुठं? भाकरी म्हणतोय मी. पातळ बी हुती आनि तुटत बी न्हाय. थापणारीचा हात पायजे."

मी रसाच्या वाटा बदलल्या, बाबूलालनी वाळू आणि आच बदलली. वैनींनी घर बांधायला म्हणून ठेवलेले पैसे घालून साचे बांधायचं नवं यंत्र आणलं. आणि एका दुपारी साचा फोडल्यावर ब्रॅकेट अखंड निघाला. सगळ्या कडा भरलेल्या. गार झाल्यावर वैनींनी तो एका हाताने उचलला, दुसऱ्या हातात जुना घेतला आणि पोरीला झोका द्यावा तसे दोन्ही वरखाली केले. शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि बाबूलालच्या खांद्यावर एक जोरात थाप मारली. पुण्याच्या चाचणीत तो पहिल्याच खेपेला उतरला.

त्याच सुमारास अण्णासाहेबांच्या संघटनेची सभा होती. दिल्लीहून या नियमांचं काम बघणारे एक अधिकारी येणार होते. मूळचे विदर्भातले, मराठी बोलणारे. संघटनेचं निवेदन तयार होतं: नियम लागू करायला मुदतवाढ द्यावी. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. अण्णासाहेब स्वतः कागद घेऊन फौंड्रीत आले. "वैनी, तुमची येकटीचीच ऱ्हायलीय."

"न्हाय भावजी. मी न्हाय करणार."

"आवो, तुमचा ब्रॅकेट बी त्या यादीत हाय! तुमच्या पोटावर पाय येतोय."

"पाय येतोय म्हणूनच पोट सरकवलं की मी. आता पाय थांबवा म्हणून कशाला सांगू?"

अण्णासाहेब लाल झाले. "सभेत तरी गप बसा म्हणजे झालं." वैनी पाठ फिरवून भट्टीकडे गेल्या; त्या सभेत बोलणार, हे मी तेव्हाच समजले.

संघटनेचं सभागृह भरलं होतं. अण्णासाहेबांनी निवेदन वाचलं, टाळ्या झाल्या. अधिकाऱ्यांनी विचारलं, आणखी कुणाला काही बोलायचंय का. वैनी बोलू लागल्या. आजही ते बोलणं मला जवळजवळ जसंच्या तसं आठवतं.

"साहेब, हे सगळे मुदत वाढवून मागत्यात. मी मागत न्हाय. गाडी कमी पेट्रोल पिली तर वाईट कुणाचं हुतंय? माझी माणसं रोज मोटरसायकलीवर हायवेनं येत्यात. धूर त्यांच्याच छातीत जातोय. नियम बरोबर हाय तुमचा. पर दोन गोष्टी ऐका. गाडीनं किती प्यायचं ते तुमी ठरवा. ती बिडाची करायची का ॲल्युमिनियमची, ते आमच्यावर सोडा. तुमी दंडाचा धाक घातला की कंपनीवाले विचार करत न्हाईत, बीड दिसलं की हाकलत्यात. आनि दुसरं. तारीख येकदाच सांगा. सांगितली की हलवू नका. ह्यांच्या सांगण्यानं न्हाय, मोठ्या कंपन्यांच्या सांगण्यानं न्हाय, उद्या मी रडत आलो तर माझ्या रडण्यानं बी न्हाय. तुमी तारीख हलवली की तयारी केल्याला मरतोय आनि हात बांधून बसल्याला जगतोय. मग पुढच्या बारीला तयारी कोण करंल?"

कुणीतरी मागून ओरडलं, "बसा खाली!" वैनी वळल्याही नाहीत.

अधिकारी वहीत लिहीत होते. त्यांनी विचारलं, "आपण कुणातर्फे बोलताय?"

"कुणातर्फे न्हाय. माझा माझा आलोय."

हशा झाला, पण त्या हशात माया नव्हती. बाहेर पडताना लोक बाजूला झाले आणि आम्हाला वाट मोकळी मिळाली, तेवढीच त्या दिवशीची सोय.

त्यानंतर वसाहतीत वैनींना वाळीतच टाकलं म्हणा. कुणाची भट्टी बंद पडली की शेजारचा आपल्या भट्टीतला रस देतो, ही तिथली जुनी रीत. आमची वीज बिघडली तेव्हा कुणी आलं नाही. भंगारवाला वितळवायचं भंगार आधी दुसऱ्यांना द्यायचा, उरलं तर आम्हाला. अण्णासाहेबांनी मधल्या कुंपणातलं छोटं फाटक लावून घेतलं. त्या फाटकातून रोज सकाळी दोन्हीकडची भाकरी-आमटी इकडून तिकडे जायची. त्याचं मात्र वैनींना लागलं. एकदा फाटकाकडे बघत म्हणाल्या, "भावजींचा राग बरोबर हाय. पर माझं बी चूक न्हाय. दोन्ही खरं असलं की लई तरास हुतोय बग."

आणि मग वैनींना ज्याची भीती होती तेच झालं. बातमी आली की नियमांचा मसुदा पुन्हा बदलणार, मुदत पुढे जाणार. संघटनेने पेढे वाटले. अण्णासाहेबांनी एक पुडा आमच्याकडेही पाठवला. मला वाटलं, वैनी तो परत पाठवतील. त्यांनी एक पेढा तोंडात टाकला, बाकीचे कामगारांना वाटायला दिले. "पेढं चांगलं हायत," म्हणाल्या. "बातमी वाईट हाय."

आठवड्याभरात देशपांडे साहेबांचा फोन आला. आवाज पडलेला. वरच्या लोकांनी ठरवलंय, तूर्त जुनाच ब्रॅकेट चालू ठेवायचा. हलक्यासाठी जोडणीत बदल करावे लागतील, तो खर्च आत्ता नको. वैनींनी फोन ठेवला आणि बराच वेळ खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या जाताना बघत बसल्या. नंतर म्हणाल्या, "जड करणारच न्हाय म्हणून सांगतो त्यास्नी. जावा म्हणावं दुसरीकडं."

बाबूलाल दारात उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "वैनी, सांगा. पर आधी पोरास्नी सांगा. चाळीस घरं हायत."

मी त्यांना रागाने निघून जाताना पाहिलंय, पण त्या दिवशी त्या गेल्या नाहीत. पाळी सुटताना सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि काही न लपवता सांगितलं: कंपनीला जुनाच माल पाहिजे, मला तो द्यायचा नाही. तुम्ही काय म्हणता? मग शंकर नावाचा एक भट्टीवाला म्हणाला, "वैनी, हलका आमीच केलाय, आमास्नी बी त्योच करायचाय. पर घरात तेल-मीठ लागतंय."

वैनींनी मान हलवली. "खरं हाय तुझं. दिवसपाळीला जड चालू ठिवूया, ते पोटाचं. संध्याकाळी दोन तास हलकं, ते हट्टाचं. हट्टाला मी गिऱ्हाईक आणतो."

आणि त्यांनी आणलं. तो हलका ब्रॅकेट पिशवीत घालून त्या एसटीने, रेल्वेने फिरल्या. कधी मी बरोबर, कधी एकट्या. पुष्कळांनी दारातूनच परत पाठवलं. एका मोठ्या कार्यालयात स्वागतकक्षातल्या मुलीने विचारलं, "मॅडम, पिशवीत काय आहे?" वैनी म्हणाल्या, "सरकारनं पुढं ढकलल्यालं काम." शेवटी विजेवर चालणाऱ्या मालवाहू तीनचाकी बनवणाऱ्या एका लहान कंपनीत एका तरुण इंजिनिअरने तो हातात घेतला. त्यांच्या गाडीत पेट्रोल नव्हतं, पण बॅटरीलाही वजन सोसत नव्हतं, आणि ॲल्युमिनियम त्यांना परवडत नव्हतं. मोटर बसवण्यासाठी आकार बदलून मागितला. मी रातोरात नव्हे, पण पंधरवड्यात चित्र करून दिलं. पहिला माल लहानसाच होता. तो ट्रकमध्ये चढत असताना वैनी खाकी शर्टात फाटकाशी उभ्या होत्या आणि ट्रकवाल्याशी भांडत नव्हत्या, हेच मला नवल वाटलं.

हळूहळू संध्याकाळचे दोन तास अख्खी पाळी झाले. पुण्याची कंपनी आजही जुना जड ब्रॅकेट घेते. नियमाची चर्चा अजून चालूच आहे.

गेल्या वर्षी वैनींना पोटाचा कर्करोग निघाला, आणि तो फार पुढे गेलेला निघाला. दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा हाताला सुया टोचलेल्या, आवाज बारीक. रूपाली पाय दाबत होती. मला बघून म्हणाल्या, "आजरा, त्या नियमाचं काय झालं गं?"

"अजून ठरत नाही वैनी. पुन्हा बैठका चालल्यात."

"ठरवू देत सावकाश. तीनचाकी रस्त्यावर आली का?"

"आली. परवा मी स्वतः शाहूपुरीत बघितली. भाजी भरलेली होती."

"किती भरल्याली?"

"अगदी टपापर्यंत."

त्यांनी डोळे मिटले. "मग ब्रॅकेट पेलतोय म्हणायचा," एवढंच म्हणाल्या. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

संघटनेने शोकसभा ठेवली. त्याच सभागृहात. भिंतीलगत आमचे कामगार दाटीवाटीने उभे होते, कारण खुर्च्या मालकांनी भरल्या होत्या. अण्णासाहेबांनी शोकठराव वाचायला घेतला. त्यांचा आवाज भरून आला होता, ते नाटक नव्हतं. "कष्टाळू, कर्तबगार आणि संघटनेच्या प्रत्येक लढ्यात सदैव आमच्या सोबत राहिलेल्या..."

"खोटं हाय हे."

सगळे वळले. बाबूलाल मिस्त्री बोलले होते, भिंतीकडून. आयुष्यात त्यांनी भट्टीच्या बाहेर आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता.

"साहेब, राग मानू नका. वैनी तुमच्या सोबत नव्हत्या. विरोधात हुत्या. हितंच, ह्या जाग्याला. तवा तुमी सगळ्यांनी त्यास्नी येकटं पाडलं. आता मेल्यावर सोबतीला घेऊ नका."

कुणीतरी म्हणालं, "अरे, वेळ कुठली, काय बोलतोयस?" अण्णासाहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग चिटणीसाकडे हात पुढे केला. "पेन द्या."

माईकसमोरच त्यांनी एक ओळ खोडली आणि वरती दुसरी लिहिली. आम्हाला पेनाचा आवाजही ऐकू येत होता. मग ठराव पहिल्यापासून वाचला, सावकाश, एकेक शब्द सोडवत: "कष्टाळू, कर्तबगार, आणि आम्ही सगळे एका बाजूला असताना एकटीने विरोधात बोललेल्या आमच्या शालनवैनी..."

इथे त्यांनी कागद शेजारी सरकवला. चिटणीसाने पुरं केलं.

ठराव एकमताने मंजूर झाला. वैनींबद्दल त्या संघटनेत झालेलं ते पहिलंच एकमत.